बुलढाणा जिल्ह्यातील पर्यटन व समारंभ व्यवसायांवर कोविड-१९ महामारीचा परिणाम

कोविड-१९ महामारीच्या काळात, म्हणजे मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत, महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील पर्यटन, यात्रा-जत्रा आणि विवाहादी समारंभांवर अवलंबून असलेल्या व्यवसायांना दीर्घकाळ बंदी किंवा निर्बंधांना सामोरे जावे लागले. शेगाव येथील श्री गजानन महाराज मंदिर, लोणार सरोवर, सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान आणि पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा ही जिल्ह्यातील प्रमुख आकर्षणस्थळे होत. या सर्व ठिकाणचे वार्षिक उत्सव या काळात एकदा किंवा दोनदा रद्द झाले अथवा मोजक्या उपस्थितीत पार पडले. केंद्र व राज्य शासनाने या क्षेत्रासाठी कर्जहमी, करसवलत, अनुदान आणि अन्नधान्य अशा विविध स्वरूपांत साहाय्य जाहीर केले. तथापि, यात्रेतील हंगामी व नोंदणी नसलेले व्यावसायिक यांपैकी अनेक योजनांच्या पात्रता-निकषांत बसत नव्हते.

पार्श्वभूमी

बुलढाणा हा विदर्भातील अमरावती विभागाचा जिल्हा असून त्यात १३ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. जिल्ह्याची अर्थव्यवस्था प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व कडधान्यांच्या शेतीवर आधारलेली आहे. शेतीबाहेरील रोजगारात तीर्थयात्रा आणि समारंभ यांचा वाटा महत्त्वाचा आहे.

येथील पर्यटनाचे स्वरूप थंड हवेच्या किंवा समुद्रकिनाऱ्याच्या ठिकाणांपेक्षा वेगळे आहे. बहुसंख्य प्रवासी देशांतर्गत, राज्यातले आणि अल्प मुक्कामाचे असतात. ते रेल्वेने, एसटी बसने किंवा सामायिक वाहनाने येतात, दर्शन घेतात, प्रसाद व खेळणी खरेदी करतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत परततात. मुंबई–हावडा लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा व शेगाव ही स्थानके या वर्दळीची प्रवेशद्वारे आहेत. शेगावची कचोरी प्रसिद्धीस आली तीही मुख्यतः रेल्वे प्रवाशांमुळेच. त्यामुळे प्रवासी वाहतूक थांबताच मंदिर परिसरातील दुकाने, ऑटोरिक्षा, खासगी निवासगृहे आणि खाद्यपदार्थांचे ठेले या सर्वांचे उत्पन्न एकाच वेळी थांबले.

जिल्ह्याच्या यात्रा-अर्थकारणाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे तिथीशी असलेले नाते. माघ वद्य सप्तमीचा गजानन महाराज प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमीची पुण्यतिथी, होळीनंतरची सैलानी यात्रा, १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव, अक्षय्य तृतीयेची भेंडवळची घटमांडणी आणि आश्विनातील देऊळगाव राजा येथील बालाजीचा उत्सव यांच्या तिथी ठरलेल्या आहेत. चुकलेली सहल पुढे ढकलता येते. हुकलेली तिथी मात्र वर्षभर परत येत नाही. यात्रेतील विक्रेता वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या काही दिवसांतच मिळवत असल्याने एका उत्सवाचा खंड त्याच्यासाठी वर्षभराचा खंड ठरतो.

निर्बंधांचा कालक्रम

महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. राज्य शासनाने १३ मार्चपासून साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला. ब्रिटिश काळात प्लेगच्या साथीत संमत झालेल्या या कायद्याला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ची जोड मिळाली. या दोन कायद्यांमुळे गर्दी रोखण्याचे व्यापक अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. मार्चच्या मध्यास राज्यातील प्रमुख मंदिरे दर्शनासाठी बंद झाली. त्यांत शेगावचे मंदिरही होते. २२ मार्चच्या जनता संचारबंदीपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. बुलढाणा शहरात २८ मार्च रोजी मृत्यू पावलेल्या रुग्णाला कोविड-१९ ची बाधा झाल्याचे चाचणीअंती स्पष्ट झाले आणि जिल्ह्यात भीतीचे वातावरण पसरले.

निर्बंध टप्प्याटप्प्याने शिथिल करण्यात आले. पर्यटन व समारंभ व्यवसायांच्या दृष्टीने महत्त्वाचे टप्पे पुढीलप्रमाणे :

– ८ जुलै २०२० : प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील निवासी हॉटेले व लॉज ३३ टक्के क्षमतेने सुरू.
– २० ऑगस्ट २०२० : एसटीची आंतरजिल्हा सेवा पुन्हा सुरू.
– २ सप्टेंबर २०२० : खासगी वाहनाने आंतरजिल्हा प्रवासासाठी लागणारा ई-पास रद्द, हॉटेले पूर्ण क्षमतेने चालवण्यास परवानगी.
– ५ ऑक्टोबर २०२० : उपाहारगृहे ५० टक्के क्षमतेने सुरू.
– १६ नोव्हेंबर २०२० (दिवाळी पाडवा) : राज्यातील धार्मिक स्थळे उघडली.
– फेब्रुवारी २०२१ : दुसऱ्या लाटेच्या प्रारंभी अमरावती विभागात नव्याने निर्बंध.
– एप्रिल २०२१ : ‘ब्रेक द चेन’ आदेशांद्वारे राज्यभर धार्मिक स्थळे पुन्हा बंद.
– ७ ऑक्टोबर २०२१ (घटस्थापना) : धार्मिक स्थळे दुसऱ्यांदा उघडली.
– १० जानेवारी २०२२ : ओमायक्रॉनमुळे आलेल्या तिसऱ्या लाटेत तिकीट असलेली पर्यटनस्थळे, किल्ले व संग्रहालये तात्पुरती बंद.
– गुढीपाडवा, २ एप्रिल २०२२ : तोपर्यंत राज्यातील सर्व निर्बंध मागे.

या कालक्रमावरून दिसते, की हॉटेले उघडल्यावरही मंदिरे चार महिन्यांहून अधिक काळ बंदच होती. ज्या शहरात प्रवासी मंदिरासाठीच येतो तेथे हॉटेल उघडण्याच्या परवानगीचा प्रत्यक्ष लाभ मर्यादित राहिला. दुसरी लाट राज्यात सर्वप्रथम ज्या भागांत जाणवली त्यांत अमरावती विभाग होता. त्यामुळे धार्मिक स्थळे उघडल्यानंतर येथील व्यवसायांना मिळालेला उसंतीचा काळही अल्प ठरला.

यात्रा व तीर्थक्षेत्रांवरील परिणाम

सैलानी यात्रा

बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या येथील यात्रेत सर्व धर्मांचे भाविक महाराष्ट्राबरोबरच शेजारील राज्यांतूनही येतात. नारळांची होळी आणि त्यानंतर काही दिवसांनी निघणारी संदल मिरवणूक हे यात्रेचे प्रमुख भाग होत. २०२० मध्ये होळी ९ मार्च रोजी होती, म्हणजे राज्यातील पहिले रुग्ण आढळले तोच तो दिवस. प्रशासनाने खबरदारी म्हणून यात्रा रद्द केली. देशव्यापी टाळेबंदीपूर्वीच रद्द झालेल्या राज्यातील मोठ्या यात्रांमध्ये तिची गणना होते. २०२१ ची होळी (२८ मार्च) दुसऱ्या लाटेच्या काळात आल्याने त्याही वर्षी यात्रा भरली नाही. नारळ, फुलांच्या चादरी, धूप, मिठाई, भांडी व खेळणी यांचे विक्रेते, तंबू व झोपड्या भाड्याने देणारे आणि आकाशपाळण्यांचे चालक यांचे सलग दोन हंगाम बुडाले.

शेगाव

शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान भक्तनिवास, महाप्रसाद व रुग्णसेवा यांसाठी ओळखले जाते. संस्थानातील अनेक कामे सेवाधारी विनामोबदला करतात. टाळेबंदीच्या काळात संस्थानने आपल्या वास्तू विलगीकरणासाठी उपलब्ध करून दिल्या, गरजूंसाठी सामुदायिक भोजनाची व्यवस्था केली आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधीस देणगी दिली.

२०२० चा प्रकटदिन (१५ फेब्रुवारी) निर्बंधांपूर्वी साजरा झाला होता. त्यानंतरची २ एप्रिल २०२० ची रामनवमी, २३ ऑगस्ट २०२० ची पुण्यतिथी, ५ मार्च २०२१ चा प्रकटदिन, २१ एप्रिल २०२१ ची रामनवमी आणि ११ सप्टेंबर २०२१ ची पुण्यतिथी असे सलग पाच मोठे उत्सव भाविकांच्या गर्दीविना झाले. आषाढी वारीसाठी शेगावहून पंढरपूरला जाणारी पालखीही २०२० व २०२१ मध्ये पायी गेली नाही. या दोन्ही वर्षी राज्यातील मानाच्या मोजक्या पालख्यांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या होत्या. शेगावची पायी वारी जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

मंदिर उघडल्यानंतर दर्शनासाठी ई-पासची पद्धत अवलंबण्यात आली. तिने गर्दीचे नियमन झाले. परंतु ऐनवेळी, रेल्वेतून उतरून दर्शनाला येणारा प्रवासी कमी झाला. मंदिराबाहेरील व्यवसाय अशाच प्रवाशावर अवलंबून होते. संस्थानचे व्यवस्थापकीय विश्वस्त म्हणून दीर्घकाळ कार्य केलेल्या शिवशंकरभाऊ पाटील यांचे ४ ऑगस्ट २०२१ रोजी, मंदिर बंद असतानाच्या काळात, निधन झाले.

सिंदखेड राजा, भेंडवळ व देऊळगाव राजा

सिंदखेड राजा येथे १२ जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवाला राज्यभरातून लोक येतात. पुस्तकांची दुकाने हे या उत्सवाचे वैशिष्ट्य असून पुस्तकविक्रेते व लहान प्रकाशकांच्या दृष्टीने ही वर्षातील महत्त्वाची संधी असते. २०२१ मध्ये हा सोहळा साधेपणाने व मर्यादित उपस्थितीत झाला. २०२२ मध्ये राज्यव्यापी निर्बंध जन्मोत्सवाच्या केवळ दोन दिवस आधी, १० जानेवारीपासून लागू झाल्याने त्याही वर्षी नेहमीची गर्दी होऊ शकली नाही.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी आणि दुसऱ्या दिवशीचे पीक-पावसाचे भाकीत ऐकण्यासाठी शेतकरी जमतात. २०२० मधील अक्षय्य तृतीया (२६ एप्रिल) कडक टाळेबंदीत आली. आश्विन महिन्यात देऊळगाव राजा येथे बालाजीचा उत्सव व त्यातील लाठा मंडप प्रसिद्ध आहे. २०२० च्या आश्विनात राज्यातील सर्व धार्मिक स्थळे बंद असल्याने त्याचे सार्वजनिक स्वरूप राहिले नाही.

लोणार सरोवर

उल्कापाताने निर्माण झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील लोणारचे खारे सरोवर महामारीच्या काळात अनपेक्षितपणे जागतिक चर्चेचा विषय झाले. जून २०२० मध्ये सरोवराच्या पाण्याचा रंग गुलाबी झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याची दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात पाण्याच्या नमुन्यांत क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. उन्हाळ्यातील बाष्पीभवनाने पातळी घटून क्षारता वाढली की असे जीव वाढतात आणि त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसते, असे स्पष्टीकरण देण्यात आले. हा रंग कायमस्वरूपी नव्हता.

या घटनेची छायाचित्रे देशोदेशी पोहोचली. मात्र त्या वेळी आंतरजिल्हा प्रवासास ई-पासचे बंधन होते आणि लॉज व हॉटेले बंद होती. त्यामुळे लोणारला मिळालेल्या या प्रसिद्धीचा स्थानिक वाटाडे व निवास व्यावसायिकांना तात्काळ लाभ झाला नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची देशातील स्मारके १७ मार्च २०२० पासून बंद होती आणि १६ एप्रिल ते १५ जून २०२१ या काळात ती पुन्हा बंद राहिली. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूंनाही हा नियम लागू होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे रामसर स्थळ होय. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी सरोवरास भेट देऊन जतन व विकासकामांचा आढावा घेतला. त्यानंतर काही आठवड्यांतच विभागात दुसऱ्या लाटेचे निर्बंध लागू झाले.

समारंभ व्यवसायावरील परिणाम

जिल्ह्यातील समारंभ व्यवसायात मंगल कार्यालये, मंडप व बिछायत, केटरिंग, ध्वनी व प्रकाशयोजना, बँड पथके, घोडेवाले, फुलवाले, छायाचित्रकार, लग्नपत्रिकांचे छापखाने, आचारी व वाढपी यांचा समावेश होतो. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांमुळे कीर्तनकार, मृदंगवादक, मंडपवाले आणि ध्वनिक्षेपक पुरवणारे यांनाही काम मिळते. लग्नसराईचा मुख्य हंगाम उन्हाळ्यात, रब्बीची काढणी झाल्यानंतर असतो. २०२० ची पहिली टाळेबंदी आणि २०२१ ची दुसरी लाट या दोन्ही नेमक्या एप्रिल-मे महिन्यांत आल्याने दोन मुख्य हंगाम वाया गेले.

विवाहास पूर्ण बंदी बहुतांश काळ नव्हती. मर्यादा उपस्थितीवर होती. मे २०२० पासून ५० पाहुण्यांची अट होती. एप्रिल २०२१ च्या आदेशानुसार एकाच सभागृहात, दोन तासांत आणि २५ जणांच्या उपस्थितीत विवाह उरकणे बंधनकारक झाले व उल्लंघनासाठी ५० हजार रुपयांचा दंड ठेवण्यात आला. ऑगस्ट २०२१ मध्ये ही मर्यादा बंदिस्त सभागृहासाठी १०० आणि खुल्या जागेसाठी २०० पर्यंत वाढवण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा ५० वर आली.

उपस्थितीच्या या मर्यादेचा परिणाम सर्व घटकांवर सारखा झाला नाही. २५ माणसांच्या लग्नातही पुरोहित व छायाचित्रकार लागतात. मात्र मंडप, मोठी भांडी, वाढपी, बँड आणि मंगल कार्यालय यांची गरज उरत नाही. घरासमोर किंवा शेतात उरकलेल्या लग्नांमुळे कुटुंबांचा खर्च कमी झाला, तर मंडप व केटरिंग व्यावसायिकांनी हंगामासाठी घेतलेले साहित्य पडून राहिले. रद्द झालेल्या तारखांच्या आगाऊ रकमा परत करण्यावरून ग्राहक व व्यावसायिक यांच्यात वाद होण्याचे प्रसंगही अनेक ठिकाणी उद्भवले.

लोककलावंतांची स्थिती अधिक बिकट होती. तमाशा फडांचा हंगाम साधारणतः दसऱ्यापासून उन्हाळ्यातील जत्रांपर्यंत चालतो आणि फडमालक हंगामापूर्वी कलावंतांना उचल देतात. जत्राच न भरल्याने ही उचल फिटली नाही आणि कर्जाचा बोजा मालक व कलावंत दोघांवरही राहिला.

शासकीय साहाय्य

केंद्र शासन व रिझर्व्ह बँक

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जहप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती देण्याची मुभा बँकांना दिली. ती पुढे ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवण्यात आली. मे २०२० मध्ये ‘आत्मनिर्भर भारत’ योजनेअंतर्गत ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना जाहीर झाली. तिच्यानुसार २९ फेब्रुवारी २०२० रोजी थकीत असलेल्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत अतिरिक्त कर्ज शासनाच्या हमीवर मिळत होते. ३१ मार्च २०२१ रोजी योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात आतिथ्य, प्रवास व पर्यटन, मनोरंजन आणि क्रीडा ही क्षेत्रे समाविष्ट करून त्यांच्यासाठी ही मर्यादा ४० टक्के करण्यात आली.

४ जून २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने हॉटेल, उपाहारगृहे, पर्यटन, खासगी बस आणि समारंभ आयोजक अशा प्रत्यक्ष संपर्कावर चालणाऱ्या सेवांना कर्ज देण्यासाठी १५ हजार कोटी रुपयांची रोखता सुविधा जाहीर केली. २८ जून २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मान्यताप्राप्त सुमारे १०,७०० पर्यटक मार्गदर्शकांना प्रत्येकी १ लाख आणि प्रवास व्यावसायिकांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास पूर्ण हमी देण्याची घोषणा केली. शहरी पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून १० हजार रुपयांचे खेळते भांडवल कर्जरूपाने मिळू लागले.

राज्य शासन

राज्य शासनाने एप्रिल ते सप्टेंबर २०२० या सहा महिन्यांसाठी व्यावसायिक वाहनांना वाहनकरातून सवलत दिली. डिसेंबर २०२० मध्ये आतिथ्य क्षेत्रास उद्योगाचा दर्जा देण्याचा निर्णय झाला; त्यानुसार १ एप्रिल २०२१ पासून पात्र हॉटेलांना वीज, पाणी व मालमत्ता कर यांची आकारणी औद्योगिक दराने करण्याचे ठरले. सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरणही जाहीर करण्यात आले.

१३ एप्रिल २०२१ रोजी जाहीर झालेल्या ५,४७६ कोटी रुपयांच्या साहाय्यात नोंदणीकृत फेरीवाले व परवानाधारक ऑटोरिक्षा चालकांना प्रत्येकी १,५०० रुपये, मोफत शिवभोजन थाळी आणि शिधापत्रिकाधारकांना मोफत धान्य यांचा समावेश होता. कलावंतांसाठी २०२१ च्या उत्तरार्धात राज्यातील सुमारे ५६ हजार कलाकारांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकरकमी देण्याचा आणि तमाशा फड, संगीतबारी, दशावतार, झाडीपट्टी, सर्कस व फिरती चित्रपटगृहे अशा संस्थांना अनुदान देण्याचा निर्णय घेण्यात आला.

साहाय्याच्या मर्यादा

या योजनांचा मोठा भाग कर्जहमीच्या स्वरूपात होता. पतहमी योजनेची पात्रता आधीच्या बँक कर्जाशी जोडलेली असल्याने ज्या व्यावसायिकाचे बँकेत कर्ज खाते नव्हते, त्यास तिचा लाभ घेता येत नव्हता. लहान मंडपवाले व केटरिंग व्यावसायिक बहुधा स्वतःच्या बचतीवर किंवा खासगी उसनवारीवर चालतात. ते या निकषाबाहेर राहिले. मार्गदर्शकांच्या योजनेस शासकीय मान्यता आवश्यक होती. फेरीवाल्यांना मिळणारे साहाय्य नागरी स्थानिक स्वराज्य संस्थेकडील नोंदणीवर अवलंबून होते. सैलानीसारखी यात्रा ग्रामीण भागात भरते आणि तिचे विक्रेते विविध जिल्ह्यांतून येतात. यात्रेतील विक्रेता म्हणून त्यांची नोंद ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा या योजनांमध्ये नव्हती.

दुसरी अडचण कर्जाच्या उपयुक्ततेची होती. धंदा बंद असताना घेतलेले कर्ज भांडवल न ठरता उपजीविकेत खर्च होते आणि हंगाम सुरू झाल्यावर त्याची परतफेड नव्या उत्पन्नातून करावी लागते. त्यामुळे सर्वांत गरीब घटकांपर्यंत पोहोचलेले साहाय्य मुख्यतः मोफत धान्य, शिवभोजन आणि अल्प रोख रक्कम या स्वरूपाचेच राहिले.

व्यापक संदर्भ

जगभरात २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटकांनी प्रवास केला होता. २०२० मध्ये ही संख्या सुमारे ७३ टक्क्यांनी घटली. भारतात येणारे विदेशी पर्यटक १ कोटी ९ लाखांवरून २७ लाखांवर आले, तर देशांतर्गत पर्यटक-भेटी सुमारे २३२ कोटींवरून ६१ कोटींवर घसरल्या. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वतीने झालेल्या अभ्यासात २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत पर्यटन क्षेत्रातील १ कोटी ४५ लाख रोजगार गेल्याचा अंदाज व्यक्त झाला. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याचा संबंध यांपैकी विदेशी पर्यटकांच्या घटीशी कमी आणि देशांतर्गत भेटींच्या घटीशी अधिक आहे.

पुनरारंभ

ऑक्टोबर २०२१ मध्ये मंदिरे उघडल्यानंतरही जिल्ह्यातील वर्दळ लगेच पूर्ववत झाली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. रेल्वेमार्गापासून दूर असलेल्या लोणार, मेहकर, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या ठिकाणी जाण्यासाठी सामान्य प्रवासी एसटीवरच अवलंबून असल्याने महामारीचे निर्बंध सैल होत असताना प्रवासाची नवी अडचण उभी राहिली. त्यामुळे या काळातील मंदीचे श्रेय केवळ साथीला देता येत नाही.

एप्रिल २०२२ नंतर निर्बंधमुक्त लग्नसराई, जूनमधील शेगावची पायी वारी आणि जानेवारी २०२३ मधील सिंदखेड राजाचा जन्मोत्सव यांमुळे जिल्ह्याचे यात्रा-चक्र पुन्हा सुरू झाले. या अनुभवाने एक बाब ठळक केली : यात्रा व समारंभांवर जगणाऱ्या व्यावसायिकांची नोंद आपत्तीपूर्वीच झालेली असेल, तरच आपत्तीच्या वेळी साहाय्य त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते.